तळघरातलं स्वयंपाकघर

बँकेसाठी घराची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर तिन्ही मजले पाहत होता, तोपर्यंत लुर्दिस पाशेकोच्या जिवात जीव होता. मग तो तळघराचा जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर थांबला.

"हे काय?" त्याने विचारलं.

"तळघर," लुर्दिस म्हणाली.

"ते दिसतंय मला. ही शेगडी कुणाची?"

"आईची."

त्याने विजेच्या त्या मोठ्या शेगडीचा फोटो काढला. सिंकचा काढला. भिंतीला लावलेल्या खाटेचा काढला. कोपऱ्यातल्या संडासाचं दार उघडून तिथलाही काढला.

"इथे कोण राहतं?"

"कुणी नाही. आई स्वयंपाक करते इथे. मासे तळायचे तर वरचं चांगलं स्वयंपाकघर कशाला घाण करायचं? दुपारी पाठ टेकायला ती खाट."

त्याने मान हलवली. समजल्याची नव्हती ती, नुसतं ऐकल्याची होती. हातातल्या यंत्रावर काहीतरी लिहून तो गेला, आणि लुर्दिसला पहिल्यांदाच त्या शेगडीकडे परक्याच्या नजरेने पाहावंसं वाटलं.

आता या घराची गोष्ट सांगायला हवी. फॉल रिव्हर शहरातल्या टेकडीवरचं हे तिमजली लाकडी घर वर्षभरापूर्वी बंद पडलेलं होतं. मालक वारलेला, वारस दूर, हिवाळ्यात पाण्याचे पाइप गोठून फुटलेले. असल्या घरावर बँक कर्ज देत नाही. बँक म्हणते, आधी घर नीट करा, मग या. आणि नीट करायला पैसे लागतात, त्यासाठीच तर माणूस बँकेकडे गेलेला असतो.

या पेचातून बाहेर पडायची एक रीत या शहरात चालते. कुणा खासगी माणसाकडून थोड्या मुदतीचं, महाग व्याजाचं कर्ज घ्यायचं. त्यातून पडकं घर घ्यायचं, दुरुस्त करायचं, भाडेकरू बसवायचे. घर नांदतं झालं की त्याची किंमत वाढते. मग बँकेला बोलवायचं आणि म्हणायचं, आता बघा. बँक नव्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत तीस वर्षांचं कर्ज देते. त्या पैशातून खासगी कर्ज फेडायचं, आणि पुढे भाड्यातून बँकेचा हप्ता जात राहतो. वाहत्या पाण्यात एका होडीतून दुसऱ्या होडीत पाय टाकण्यासारखं आहे हे. जमतं, पण दुसरी होडी वेळेवर जवळ यावी लागते.

लुर्दिसची पहिली होडी म्हणजे तिचा पद्रीन्यू, बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातावर घेऊन उभा राहिलेला धर्मपिता, हर्मानो फुर्तादो. तरुणपणी अझोर्स बेटांवरून आला, गिरण्यांमध्ये वायरमन होता, आणि आता त्याच टेकडीवर त्याची डझनभर तिमजली घरं होती. लुर्दिस शाळेच्या बसगाड्या सोडायच्या ऑफिसात काम करायची. तिने साठवलेले पन्नास हजार डॉलर आणि हर्मानोचे तीन लाख, असं मिळून घर उभं राहिलं.

"चर्चमध्ये मी तुझा पद्रीन्यू," पैसे देताना तो म्हणाला होता. "कागदावर मी सावकार. दोन्हींची सरमिसळ करायची नाही. चालेल?"

"चालेल."

"तुझं घर पडकं आहे. उद्या तू हात वर केलेस तर माझ्या पदरात ढिगारा पडेल. म्हणून तुझ्या आईचं घरही तारण हवं."

आईचं घर खाली नदीकडे होतं. एक मजली, चार खोल्यांचं, मागे द्राक्षांचा मांडव. लुर्दिसच्या वडिलांनी पडद्यांच्या कारखान्यात दोन पाळ्या करून ते फेडलं होतं. इल्दाने, म्हणजे आईने, वकिलाच्या टेबलावर सही केली. पेन खाली ठेवताना ती एवढंच म्हणाली, "हर्मानो, हे घर तू घेतलंस तर माझ्यासकट घ्यावं लागेल."

मुदत ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी संपत होती. त्या दिवशी तीन लाख परत गेले नाहीत, तर दोन्ही घरं लिलावाला काढायचा हक्क हर्मानोला होता. लिलावाची नोटीस गावच्या पेपरात येते. तिथे कुणाचं नाव छापून आलं हे रविवारच्या प्रार्थनेआधीच अख्ख्या चर्चला ठाऊक असतं.

व्हॅल्युअर येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी कर्ज जुळवून देणाऱ्या दलालाचा, नील हॅनिगनचा, फोन आला.

"किंमत आली. चार लाख तीस हजार."

लुर्दिसने खुर्चीची पाठ घट्ट धरली. चार लाख पंधरा आली तरी पुरलं असतं. "मग झालं की!"

"झालं नाही. त्याने लिहिलंय, तळघरात परवानगी नसलेलं चौथं बिऱ्हाड आहे. शहराच्या दप्तरी घर तीन कुटुंबांचं. बँकेने फाइल थांबवलीय."

"बिऱ्हाड? अरे, माझी आई तिथे कांदे चिरते!"

"शेगडी, सिंक, खाट, संडास. बँकेच्या भाषेत याला बिऱ्हाडच म्हणतात."

"नील, या रस्त्यावरच्या प्रत्येक घराच्या तळघरात शेगडी आहे!"

"असेल ना. पण व्हॅल्युअर या रस्त्यावरचा नाही."

आणि ते खरंच होतं. व्हॅल्युअर यायच्या आधी लुर्दिसने दारांच्या मुठी घासून चमकवल्या होत्या, पायऱ्यांवर कुंड्या ठेवल्या होत्या, दुसऱ्या मजल्याच्या भाडेकरूला कुत्रा फिरवायला पाठवलं होतं. शेगडी हलवायचं मात्र तिच्या मनातसुद्धा आलं नाही. बेटांवरून आलेल्या तिच्या माणसांत वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांना दाखवायला असतं आणि रोजचं जेवण तळघरात शिजतं. वर्षभर घराची दुरुस्ती चालू असताना इल्दाने तिथूनच मावसभावांच्या टोळीला जेवू घातलं होतं. स्वतःचं नाक जसं स्वतःला दिसत नाही, तशी ती शेगडी कुणालाच दिसली नव्हती.

"काढून टाकते. उद्याच."

"काढ. पण पाणी बंद करायला लायसनवाला प्लंबर लागेल, आणि मग व्हॅल्युअर पुन्हा येऊन बघेल. त्याची पहिली मोकळी तारीख दहा नोव्हेंबर."

"माझी मुदत एकतीस ऑक्टोबरला संपते."

"माहीत आहे मला." नीलने आवाज खाली आणला. "दुसरा एक रस्ता आहे. मालक स्वतः घरात राहत असेल तर व्याज पाऊण टक्का कमी. शिवाय मालक खालच्या मजल्यावर राहत असेल, तर तळघर त्याच्याच घरातलं. चौथं बिऱ्हाड नाही, मालकाचं दुसरं स्वयंपाकघर. व्हॅल्युअर जागेवर बसूनच अहवालात दुरुस्ती करेल. यायचीसुद्धा गरज नाही. तू फक्त सही करायची, की त्या खालच्या, म्हणजे पहिल्या मजल्यावर तू राहायला येतेस, निदान एक वर्ष."

"पहिला मजला मी झुल्मिराला दिलाय. एक तारखेपासून. भाडेकरार झालाय."

"कुठला भाडेकरार?"

लुर्दिसने उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"लोक असं करतात?" तिने विचारलं.

"मी तसं म्हणालो नाही, आणि तू विचारलंस ते मी ऐकलं नाही. कागद पाठवतो. शुक्रवारच्या आत सगळं उरकेल."

कागद आला. दोन दिवस तो तिच्या गाडीत शेजारच्या सीटवर पडून होता. सिग्नलला गाडी थांबली की ती त्याच्याकडे पाहायची. खरंच राहायला गेलं तर? हा हिशेब तिने मनात पुन्हा पुन्हा मांडला. पहिल्या मजल्याचं भाडं गेलं की उरलेल्या दोन मजल्यांतून हप्ता, कर आणि विमा जेमतेम भागतो. एखादा बॉयलर बिघडला की पगारातून भर. आणि झुल्मिरा? ती रुग्णालयात मदतनीस होती, दोन मुलं पदरात, जुन्या घरमालकाला तिने सोडत असल्याचं कळवून टाकलेलं. एक तारखेला ती सामान घेऊन रस्त्यावर कुठे उभी राहणार?

म्हणजे सही करायची तर ती खोटीच. आणि बँकेला कधी खोटेपणा कळला, तर ती सगळं कर्ज एकदम परत मागू शकते. आज वाचलेलं घर उद्या पुन्हा धोक्यात. पण 'उद्या' हा शब्द फार लांबचा वाटत होता. शुक्रवार जवळ होता.

बुधवारी संध्याकाळी ती हर्मानोकडे गेली. तो अर्थातच तळघरात होता, बनियनवर एप्रन बांधून केलच्या पालेभाजीच्या सुपात शोरीसो सॉसेजचे तुकडे टाकत.

"आशीर्वाद द्या, पद्रीन्यू."

"देव तुला सुखी ठेवो. बस. ताट घे."

ती बसली. ताट घेतलं नाही. सगळं सांगितलं. हर्मानो आधी ऐकत राहिला, मग हसायला लागला, आणि हसता हसता त्याला ठसका लागला.

"व्हॅल्युएशनच्या दिवशी शेगडी तशीच ठेवलीस? अगं, चादर तरी टाकायचीस वरून!"

"तुम्ही काय करता मग?"

"मी? माझ्या घरात बँकेचा माणूस शिरलाच नाही कधी. एका घराचं भाडं साठवायचं, त्यातून दुसरं घ्यायचं. दोन घरांचं साठवायचं, तिसरं घ्यायचं. कर्ज नाही, व्हॅल्युअर नाही. तुम्हा पोरांना घाई फार."

"तुम्ही पहिलं घेतलंत तेव्हा तिमजली घर चाळीस हजाराला मिळायचं. आता तुमच्यासारखी साठवत बसले तर घर घ्यायच्या आधी माझीच म्हातारी होईल."

"हं," हर्मानो म्हणाला. मुद्दा त्याला पटला होता, पण पटला असं म्हणायची त्याला सवय नव्हती. "म्हणजे तुला मुदत हवी."

"दोन आठवडे."

"चौदा तारखेला मला कोपऱ्यावरच्या बेकरीच्या घराचे पैसे मोजायचेत. तोपर्यंत थांबेन. व्याज दुप्पट. आणि चौदाच्या संध्याकाळनंतर एक तासही नाही. वकील नोटीस पेपरात देईल."

"आईचं घर सोडा तारणातून. वाटलं तर माझं तिमजली पूर्णच्या पूर्ण घ्या, मी कोर्टात जाणार नाही. पण तिचं सोडा."

"दोन दाव्यांनी बांधलेली गाय, एक दावं कोण सोडतं?" त्याने सुपात डाव फिरवला. "मी गाई राखल्यात, लुर्दिस. नाही."

"नीलने एक कागद दिलाय," ती म्हणाली, आणि तोही सांगितला.

"मग कर की सही. मला माझे पैसे परवा मिळतील. मला काय?"

"तुम्ही केली असती?"

हर्मानोने डावातलं सूप फुंकलं, चाखलं, मीठ टाकलं. "जेवून जा," एवढंच म्हणाला.

ती न जेवताच गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तिने तिमजली घराचं तळघर गाठलं. इल्दा तिथे होतीच. वर्तमानपत्र पसरून मासे साफ करत होती. लुर्दिसने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही.

इल्दाने सुरी खाली ठेवली. "माझ्या शेगडीमुळे?"

"शेगडीमुळे नाही आई. माझ्या लक्षात आलं नाही म्हणून."

"तळघरात स्वयंपाकघर नाही, मग त्याला घर म्हणतात तरी कसं, बँकेलाच विचारायला हवं." तिने हात धुतले, पुसले. "आणि सही केली तर?"

"तर शेगडीही राहील. तुझं घर उद्याच सुटेल. मग मात्र मी पहिल्या मजल्यावर राहते असं दाखवावं लागेल. झुल्मिराला घ्यायचं नाही, किंवा घ्यायचं आणि लपवायचं."

"आणि बँकेचं कुणी रविवारी आलं, 'पाशेकोबाई कुठे आहेत?' तर झुल्मिराच्या पोरांनी काय सांगायचं?"

लुर्दिसने वर्तमानपत्राची दुमडलेली कड सरळ केली.

"मला खोटं बोलता येतं हं," इल्दा म्हणाली. "चांगलं बोलता येतं. तुझ्या बाबांना मी पन्नासच्या कोटाची किंमत वीस सांगायची. पण ते एकदा बोललं की संपलं. हे तर रोज लक्षात ठेवायचं खोटं आहे. या वयात मला गोळ्या घ्यायचं लक्षात राहत नाही."

"सही केली नाही आणि चौदापर्यंत जमलं नाही, तर तुझं घर जाईल. नुसतं 'जाऊ शकतं' नाही. जाईल."

"ऐकलं मी." इल्दाने एप्रन काढला, घडी घातली आणि शेगडीवर ठेवली. "पाना कुठे आहे? आधी सिंक काढू. शेगडी चर्चच्या हॉलवाले घेऊन जातील. त्यांची मेलीय उन्हाळ्यापासून."

लुर्दिसने नीलचा कागद तिथेच फाडला. वाटलं होतं, फाडल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. एक तारखेला झुल्मिरा मुलांसह राहायला आली. प्लंबर आज येतो म्हणाला, उद्या येतो म्हणाला, मग फोनच उचलेना. शेवटी लुर्दिसने त्याच्या घरासमोर गाडी लावली आणि त्याच्या बायकोशी बोलली, तेव्हा तो आला. नळ कापले, तोंडं बंद केली, नगरपालिकेच्या तपासनिसाची सही झाली. चर्चची चार माणसं शेगडी घेऊन गेली. खाट गेली. रिकाम्या भिंतीशी लुर्दिसने एक उंच फडताळ उभं केलं आणि त्यावर रंगाचे डबे आणि रिकाम्या बरण्या मांडल्या, म्हणजे जागा सामान ठेवायचीच दिसावी.

दहा तारखेचा सोमवार उजाडला. व्हॅल्युअर अकराला येणार होता. मंगळवारी सुट्टी, बँक बंद. अहवाल सोमवारीच हातात पडला तर बुधवार-गुरुवारी कागद तयार होऊन शुक्रवारी, चौदा तारखेला, सह्या. एक दिवस जरी इकडचा तिकडे झाला तरी संपलं.

साडेदहाला जिन्यावर पावलं वाजली. व्हॅल्युअर नव्हता. हर्मानो होता.

"आशीर्वाद द्या, पद्रीन्यू," लुर्दिस म्हणाली.

"देव सुखी ठेवो. इथून चाललो होतो. म्हटलं, बघावं."

"सांग की, घर मोजायला आलो," इल्दा कोपऱ्यातून म्हणाली. हातात केरसुणी होती. "पडदे कुठले लावायचे ठरवलंस का?"

"इल्दा, तुझी जीभ बँकेने तारण घेतली असती तर दुप्पट कर्ज मिळालं असतं."

तो तळघरात हळूहळू फिरला. हात मागे, मान वर. त्याने बंद केलेले नळ पाहिले. छताच्या तुळया पाहिल्या. मग त्याची नजर फडताळावर गेली, तिथून हलली, आणि पुन्हा तिथेच आली.

लुर्दिस त्याच्याकडेच पाहत होती. या माणसाने आयुष्यभर घरं पाहण्याखेरीज दुसरं काही केलं नव्हतं. बरण्यांत पाहण्यासारखं काय होतं?

"पद्रीन्यू, तिथे काय आहे?"

"कुठे?"

"फडताळाशी. तुम्ही दोनदा पाहिलंत."

लुर्दिसने फडताळ एका बाजूने ओढलं, बरण्या खणखणल्या. मागे भिंतीवर, गुडघ्याच्या उंचीला, मुठीएवढा काळा प्लग-पॉइंट होता. शेगडीचा. घरातल्या साध्या प्लगपेक्षा तिप्पट मोठा. दुसरं कुठलंही यंत्र त्यात बसत नाही.

शेगडी गेली होती, पण तिची वीज तिथेच होती. शेगडी केव्हाही परत आणता येईल, असं तो प्लग मोठ्याने सांगत होता.

"हर्मानो!" इल्दाची केरसुणी खाली पडली. "तू नुसता पाहत उभा होतास?"

"मला कुणी विचारलं नाही."

"विचारलं नाही! पोरीला बाप्तिस्म्याच्या पाण्यावर धरलंस तू!"

"ते चर्चमध्ये. मी तेव्हाच सांगितलं होतं."

लुर्दिसने घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं. या वेळात कुठलाही वायरमन येणार नव्हता. फडताळ परत लावलं तर? व्हॅल्युअरने गेल्या वेळी संडासाचं दारसुद्धा उघडून पाहिलं होतं. आणि लपवायचंच होतं, तर तो कागद तरी का फाडला?

"तुमचं वायरमनचं लायसन अजून चालू आहे ना?" तिने विचारलं.

हर्मानोने भुवया वर केल्या. "आहे. का?"

"हा प्लग काढा. तार मागे घ्या, भिंतीतला डबा बंद करा, जसं कायद्याने करतात तसं. आत्ता."

"थांब, मला नीट समजू दे. हे घर माझ्या हाती लागू नये, म्हणून माझ्याच हातून काम करून घेणार तू?"

"हो."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही म्हणा. पण मी विचारलंय. आता 'कुणी विचारलं नाही' असं म्हणता यायचं नाही तुम्हाला."

वरून झुल्मिराच्या मुलांच्या धावण्याचा आवाज येत होता. मग त्याने खिशातून किल्ली काढली आणि इल्दाकडे फेकली.

"ट्रकच्या मागे निळी पेटी आहे. पळ."

"मी पळू? या गुडघ्यांनी?"

"मग चाल. पण आत्ता."

हर्मानोने विजेच्या पेटीतला खटका खाली पाडला, दोनदा तपासला, गुडघ्यावर बसला. इल्दाने टॉर्च धरला. त्याचे हात म्हातारे होते, पण चुकत नव्हते. स्क्रू निघाले. काळा प्लग बाहेर आला. जाड तार मागे गेली. तेवढ्यात रस्त्यावर गाडीचं दार वाजलं.

"वर जा," तो मान न उचलता म्हणाला. "बोलत राहा त्याच्याशी. बॉयलर दाखव. माणसांना बॉयलर बघायला आवडतात."

"बॉयलर इथेच आहे, तळघरात!"

"मग छप्पर दाखव."

लुर्दिस धावत वर गेली. व्हॅल्युअरला तिने दारातच गाठलं, नवा कठडा दाखवला, पन्हाळी दाखवल्या. तो नम्रपणे पाहत होता आणि घड्याळाकडेही पाहत होता. "मला फक्त तळघर बघायचंय," दुसऱ्यांदा तो म्हणाला, तेव्हा तिच्याकडे दाखवायला काही उरलं नव्हतं.

ती त्याच्या मागून जिना उतरली. प्रत्येक पायरीवर तिला आईचा द्राक्षांचा मांडव दिसत होता.

खाली हर्मानो फडताळाला टेकून उभा होता, कपाळावर घाम. फडताळ बाजूला सरकवलेलंच होतं. भिंतीवर पोलादाची कोरी पट्टी चार स्क्रूंनी बसवलेली होती.

व्हॅल्युअरने बंद नळांचे फोटो काढले. मग पट्टीपाशी वाकला. "इथे काय होतं?"

"शेगडीची लाइन," हर्मानो म्हणाला. "मी काढली. लायसन दाखवू? नगरपालिकेत अर्ज आज दुपारी टाकतो, नंबर तुम्हाला कळवतो."

"कधी काढली?"

"मघाशी."

व्हॅल्युअर हर्मानोच्या घामाकडे, इल्दाच्या हातातल्या टॉर्चकडे, जमिनीवर पडलेल्या काळ्या प्लगकडे पाहत होता.

"इथे आता कोण राहतं?"

"कुणी नाही," इल्दा म्हणाली. "राहत कुणी नव्हतंच. आता तर स्वयंपाकसुद्धा नाही." ती हे इतक्या दुःखाने म्हणाली, की तो जरासा वरमला. मग त्याने हवेत नाक फिरवलं.

"तळलेल्या माशांचा वास येतोय."

"वरून. भाडेकरीण. तिच्या चांगल्या स्वयंपाकघरात तळते! मी काय बोलणार?"

त्याने पट्टीचा फोटो काढला, प्लगचा काढला. लिहिलं. "चौथं बिऱ्हाड नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला. "अर्जाचा नंबर आला की अहवाल आजच जाईल." आणि जिना चढून गेला.

हर्मानोने हत्यारं पुसून पेटीत ठेवली.

"विचारलं नसतंस," तो म्हणाला, "तर मी बोललो नसतो. हे लक्षात ठेव. तुला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत. तू आता घरं घेणार, विकणार. समोरचा माणूस कोण आहे ते ओळखून राहायचं."

"ओळखलं," लुर्दिस म्हणाली. "मजुरीचं बिल पाठवा."

"पाठवणारच."

नगरपालिकेच्या खिडकीवर तो दुपारी दोनला उभा होता. नंबर सव्वादोनला आला.

शुक्रवारी बँकेच्या वकिलाकडे लुर्दिसने इतक्या सह्या केल्या की स्वतःचं नाव तिला परकं वाटायला लागलं. तीस वर्षांचं कर्ज, ठरलेलं व्याज, भाड्याचा मजला भाड्याचा म्हणूनच लिहिलेला. बँकेचे पैसे हर्मानोच्या खात्यात जमा झाल्याचा फोन आला. शेजारी बसलेल्या हर्मानोने डोळ्यांवर चष्मा चढवला, दोन्ही घरं तारणातून सोडल्याची मुक्तिपत्रं सही करून वकिलाकडे दिली, आणि कोटातून आणखी एक कागद काढून लुर्दिसपुढे सरकवला. शेगडीची लाइन काढणे, एकशे पंच्याऐंशी डॉलर.

"एवढे?" इल्दा म्हणाली. "पंचवीस मिनिटांचे?"

"तातडीचा दर."

लुर्दिसने तिथल्या तिथे चेक लिहिला.

इल्दाने तिच्या घराचं मुक्तिपत्र वकिलाकडून हातात घेतलं. ओठ हलवत, बोट ठेवत तिने स्वतःच्या रस्त्याचं नाव वाचलं, घराचा नंबर वाचला, नवऱ्याचं आणि स्वतःचं नाव वाचलं. मग पर्स उघडून कागद आत ठेवायला लागली.

"आज माझ्याकडे जेवायचं," ती म्हणाली. "माझ्या तळघरात. हर्मानो, तूसुद्धा. बिल घेऊन येऊ नकोस, नाहीतर जेवणाचं मीपण लावीन."

"तातडीचा दर?"

"बेटाचा दर. तुला परवडायचा नाही."

लुर्दिसने आईच्या पर्समधून कागद अलगद बाहेर काढला. "आधी हा नोंदवायचा. नोंदणीच्या पुस्तकात चढेपर्यंत घर सुटत नाही, आणि ऑफिस चारला बंद होतं."

"म्हणजे अजून सुटलं नाही?"

"अजून नाही. चल."

तिने कोट चढवला. हर्मानो दार धरून उभा राहिला, आणि तिघं जिना उतरून नोंदणी कचेरीच्या दिशेने चालू लागले. इल्दा मध्ये होती, गुडघ्यांची तक्रार करत, पण सगळ्यांच्या एक पाऊल पुढे.